मेलेली माणसे परत का येतात?
(ऑक्टोबर महिना, भीतिपट आणि आपण)



ऑक्टोबर उजाडला की एडिनबराच्या दुकानांत भोपळे, प्लॅस्टिकचे सांगाडे आणि कोळ्यांची जाळी दिसू लागतात. संध्याकाळ लवकर होते, बाहेर पाऊस असतो आणि टीव्हीवर एकामागून एक भीतिपट लागतात. पुष्कळ घरांत तर महिनाभर ठरवून असे सिनेमे पाहण्याची प्रथाच आहे. त्यांतला सर्वांत मोठा गट असतो तो मेल्यानंतरही न मेलेल्यांचा: ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, झोंबी वगैरे मंडळींचा.

अशा वेळी आपल्या घरांतून दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. मुले म्हणतात, "वर्गातल्या सगळ्यांनी पाहिलाय, मीच एकटा राहिलोय." आई-वडील म्हणतात, "दिवेलागणीच्या वेळी कसले मेले हे अभद्र!" मी व्यवसायाने संगणक-अभियंता. काहीही समोर आले की ते आतून कसे चालते ते उघडून पाहायचे, ही सवय जडलेली. म्हणून आमच्या घरी गेली काही वर्षे ऑक्टोबरच्या प्रत्येक शनिवारी एक सिनेमा पाहायचा आणि नंतर चहा-दुधाबरोबर एकच प्रश्न सोडवायचा, असे ठरले आहे. प्रश्न असा: हा मेलेला माणूस परत का आला?

बरेच सिनेमे पाहिल्यावर मला जे उत्तर सापडले ते आधीच सांगून टाकते. ज्या समाजात मृताला जसा निरोप देतात, तशीच त्या समाजाची भुते असतात. जिथे माणसाला पुरतात तिथे देह उठून येतो. जिथे जाळतात तिथे देह उरतच नाही, मग इच्छा उठून येते. आणि दोन्हीकडे गोष्टीचे मूळ बहुधा एकच असते: निरोप देताना काहीतरी चुकलेले असते किंवा राहून गेलेले असते. आता हे एकेका शनिवारी तपासून पाहू.

आधी थोडे व्याकरण

मराठीच्या तासाला आपण भूतकाळ शिकतो. 'भूत' म्हणजे जे होऊन गेले ते. पिंपळावरच्या भुतालाही तोच शब्द आहे, कारण तोही एकदा होता आणि आता नाही. मूळ धातू एकच: 'भू', म्हणजे असणे.

इंग्रजीत या सिनेमांतल्या मंडळींना 'अनडेड' म्हणतात, म्हणजे 'मृत नसलेला'. ब्रॅम स्टोकरने आपल्या ड्रॅक्युलाच्या कादंबरीला आधी हेच नाव योजले होते. आता गंमत पाहा. हा शब्द तुकड्यातुकड्याने संस्कृतात न्या. 'अन' म्हणजे 'अ' आणि 'डेड' म्हणजे 'मृत'. झाले 'अमृत'! बांधणी तीच, पण एका भाषेत त्याचा अर्थ देवांचे पेय आणि दुसऱ्या भाषेत थडग्यातून उठलेले प्रेत. मरण नसणे हे वरदान की शाप, यावर दोन भाषांनी दोन मते दिली आहेत.

पहिला शनिवार : रक्त पिणारा सरदार

ड्रॅक्युलाची कादंबरी १८९७ साली आली. स्टोकर सुट्टीसाठी आपल्या स्कॉटलंडमध्ये, ॲबर्डीनच्या उत्तरेला क्रूडन बे या समुद्रकाठच्या गावी येत असे. तिथल्या कड्यावर स्लेन्स किल्ल्याचे पडके अवशेष आजही उभे आहेत.

ड्रॅक्युला मेलेला आहे, पण त्याचा देह शाबूत आहे. तो दिवसा आपल्या मायभूमीच्या मातीने भरलेल्या पेटीत झोपतो. इंग्लंडला येतानाही तो मातीच्या पेट्या बरोबर घेऊन येतो. (परदेशी जाताना गोडा मसाला आणि भाजणी घेऊन येणाऱ्यांनी त्याला फार हसू नये!) त्याला थांबवायचा उपायही देहावरच करायचा असतो: छातीत खुंटी ठोकायची, डोके वेगळे करायचे. म्हणजे ही पुरणाऱ्या समाजाची गोष्ट झाली. शवपेटीत ठेवलेला माणूस आत नेमके काय करत असेल, ही मूळ धास्ती.

याच कादंबरीवरून १९२२ साली जर्मनीत 'नोस्फेराटू' हा मूकपट निघाला. दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ. निर्मात्यांनी परवानगीच घेतली नव्हती. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम मिळवला. तरी काही प्रती वाचल्या, म्हणून आज तो पाहता येतो. न्यायालयाने मारलेला सिनेमाही परत उठला म्हणायचा! उन्हाने रक्तपिपासू मरतो ही कल्पना याच चित्रपटाने रूढ केली. मूळ कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो, फक्त त्याची शक्ती कमी होते.

पुढे १९३१ साली हॉलिवूडमध्ये बेला लुगोसी आणि १९५८ साली इंग्लंडच्या हॅमर कंपनीच्या चित्रपटात क्रिस्टोफर ली यांनी ड्रॅक्युला गाजवला. लहानांसाठी 'हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया' (२०१२) आहे. त्यातला ड्रॅक्युला मुलीची अतोनात काळजी करणारा बाप आहे. तो पाहताना आमच्याकडे मुलांनी एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावले, याची मी नोंद घेतली आहे.

दुसरा शनिवार : आपल्याच गावची गोष्ट

या शनिवारी दिवसा ग्रेफ्रायर्सच्या कबरस्तानात चक्कर मारावी. तिथे काही कबरींवर जाड लोखंडी पिंजरे दिसतील. त्यांना 'मॉर्टसेफ' म्हणतात. प्रथमच पाहणाऱ्याला वाटते की प्रेत उठून बाहेर येऊ नये म्हणून हे पिंजरे असावेत. खरी गोष्ट उलटी आहे. आतला बाहेर येईल म्हणून नव्हे, बाहेरचा आत शिरेल म्हणून ते बसवलेले आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडिनबरा हे वैद्यकीय शिक्षणाचे मोठे केंद्र होते. शरीररचना शिकण्यासाठी विद्यार्थ्यांना मृतदेह लागत, पण कायद्याने मिळणारे देह फार थोडे असत. म्हणून रात्री ताजी कबर उकरून देह चोरून विकणाऱ्यांचा धंदाच उभा राहिला. नातेवाईक रात्ररात्र पहारा देत. सेंट कथबर्ट चर्चच्या आवारात १८२७ साली बांधलेला पहाऱ्याचा बुरूज अजून आहे. प्रिन्सेस स्ट्रीटहून लोथियन रोडला वळताना तो दिसतो.

१८२८ साली विल्यम बर्क आणि विल्यम हेअर या दोघांनी याच्याही पुढचा मार्ग काढला. हेअरच्या बिऱ्हाडात राहणारा एक म्हातारा आजारपणाने वारला, तेव्हा त्यांनी त्याचा देह डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शरीररचना वर्गाला साडेसात पौंडांना विकला. मग उकरायचे कष्ट तरी कशाला, असा विचार करून त्यांनी वर्षभराच्या आत १६ जणांचे खून केले. हेअरने माफीच्या बदल्यात साक्ष दिली. बर्कला २८ जानेवारी १८२९ रोजी लॉनमार्केटमध्ये फाशी झाली आणि त्याच्याच देहाचे विच्छेदन करण्यात आले. त्याचा सांगाडा आजही एडिनबरा विद्यापीठाच्या शरीररचना संग्रहालयात आहे. या प्रकारानंतर १८३२ साली ॲनाटॉमी ॲक्ट झाला आणि देह कायदेशीर रीतीने मिळू लागल्यावर कबरी उकरण्याचा धंदा बसला.

एडिनबरातच १८५० साली जन्मलेल्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने या चोरांवर 'द बॉडी स्नॅचर' ही कथा लिहिली (१८८४). तिच्यावर १९४५ साली हॉलिवूडने चित्रपट काढला. रॉबर्ट वाइज दिग्दर्शक, बोरिस कारलॉफ आणि बेला लुगोसी दोघेही त्यात आहेत. शेवटी पावसात, घोडागाडीत, शेजारी ठेवलेला देह नेमका कोणाचा आहे हे पाहताना अंगावर काटा येतो. यात जादू नाही, रक्ताचा सडाही नाही. अपराध्याचे मनच मेलेल्याला उठवते.

हाच कारलॉफ १९३१ सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधला राक्षस. पालकांसाठी एक माहिती: त्याच्या आजीची बहीण ॲना लिओनोवेन्स, जी पुढे सयामच्या राजवाड्यात शिक्षिका झाली आणि जिच्यावर 'द किंग अँड आय' हा चित्रपट निघाला, तिचा जन्म १८३१ सालचा आणि आपल्या अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर). भीतिपटांच्या राजाचे धागे असे थेट नगरपर्यंत पोचतात.

मेरी शेलीची मूळ कादंबरी १८१८ सालची. लहानपणी ती काही काळ डंडीला राहिली होती आणि तिचा नायक कादंबरीत एडिनबरामार्गे ऑर्क्नी बेटांवर जातो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्लासगोत डॉ. अँड्र्यू यूर यांनी फाशी दिलेल्या मॅथ्यू क्लाइड्सडेल या कैद्याच्या देहात विजेचा प्रवाह सोडला. हात-पाय हलले, चेहऱ्याचे स्नायू ताणले गेले आणि पाहणारे घाबरले. मुलांनो, यात चमत्कार नाही. आपल्या मज्जातंतूंतून संदेश विजेच्या रूपानेच जातात. बाहेरून वीज दिली की ताजा स्नायू आखडतो. दिवा लागला म्हणजे घरात माणूस आहे असे नव्हे, तसेच हे.

लहानांनी 'फ्रँकेनवीनी' (२०१२) पाहावा. त्यात एक मुलगा आपल्या मेलेल्या कुत्र्याला विजेने जिवंत करतो. आणि कुत्र्यावरून आठवले, ग्रेफ्रायर्सच्या दाराशीच बॉबीची शिळा आहे. धन्याच्या कबरीपाशी तो १४ वर्षे बसून राहिला आणि १८७२ साली मेला असे सांगतात. एकाच आवारात पिंजरा आणि बॉबी, भीती आणि माया, दोन्ही शेजारी शेजारी आहेत.

तिसरा शनिवार : झोंबी

आधी खुलासा. आनंद यादव यांच्या प्रसिद्ध 'झोंबी'शी याचा संबंध नाही. मराठीत झोंबी म्हणजे झटापट. हा झोंबी कॅरिबियन समुद्रातल्या हैती बेटावरून आला.

हैती ही फ्रेंचांची वसाहत. आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम तिथे उसाच्या मळ्यांत मरेपर्यंत राबत. १८०४ साली त्यांनी लढून स्वातंत्र्य मिळवले. या लोकांच्या समजुतीतला झोंबी कोणाला खात नाही. मांत्रिकाने मेलेल्याला उठवून कामाला जुंपायचे आणि त्याने निमूट राबायचे, एवढेच. ज्याला जगताना सुटका नाही त्याला निदान मरणानंतर तरी असावी, तीही हिरावली गेली तर? ही त्यांची भीती. झोंबी भेटेल ही नव्हे, आपलाच झोंबी होईल ही. १९३२ सालच्या 'व्हाइट झोंबी'त साखर कारखान्याचा घाणा मुडदे ओढताना दाखवले आहेत, तो प्रसंग पाहिल्यावर हे लगेच समजते.

माणसे खाणारा आजचा झोंबी घडवला तो अमेरिकेच्या जॉर्ज रोमेरोने, १९६८ सालच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये. थोड्या पैशांत, पिट्सबर्गच्या परिसरात काढलेला हा कृष्णधवल सिनेमा. त्यात 'झोंबी' हा शब्दच नाही. चित्रपटाचे नाव ऐनवेळी बदलताना हक्कांची सूचना पडद्यावरून गळली, त्यामुळे तेव्हाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे तो सर्वांना मोकळा झाला आणि जगभर पसरला. एका ओळीच्या चुकीने केवढा फरक पडतो, हे आम्हा संगणकवाल्यांना वेगळे सांगायला नको.

या सिनेमात नीट लक्ष देण्यासारखी एक जागा आहे. टीव्हीवर एक डॉक्टर लोकांना सांगतो की घरात कोणी मेले तर अंत्यविधीच्या फंदात न पडता देह ताबडतोब बाहेर नेऊन जाळा. म्हणजे उपाय काय, तर दहन! आपण ज्याला संस्कार म्हणतो ते तिथे नाइलाजाने, मंत्राशिवाय, पेट्रोल ओतून करायचे. त्या बिचाऱ्यांना जाळण्याचे दुःख नाही, निरोप न देता जाळावे लागते याचे आहे. शेवटी नायकाच्या देहाचे काय होते ते मोठ्यांनी पाहावे. तो कृष्णवर्णीय आहे आणि साल १९६८ आहे, हे ध्यानात ठेवावे.

त्यानंतर झोंबी बदलला. 'ट्वेंटी-एट डेज लेटर' (२००२) मधले लोक थडग्यातून येत नाहीत. त्यांना विषाणूची लागण झालेली असते. ब्रिटनमध्येही तोवर चित्र पालटले होते. इथे कायदेशीर दहन १८८५ साली सुरू झाले, एडिनबरात वॉरिस्टनचे दहनगृह १९२९ साली आणि मॉर्टनहॉलचे १९६७ साली उघडले. आज या देशात पुरण्यापेक्षा जाळणेच कितीतरी अधिक होते. त्यामुळेच झोंबी बदलला असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण कबरी कमी झाल्या आणि सिनेमातली कबरही मागे पडली, एवढे खरे. त्याच मालिकेतल्या 'ट्वेंटी-एट इयर्स लेटर' (२०२५) मध्ये एक डॉक्टर मेलेल्यांची हाडे स्वच्छ करून त्यांचे स्मारक उभारतो. भोवती झोंबी माजलेले असताना तो करतो काय, तर राहून गेलेले निरोप पुरे करतो.

आपल्या भागाचाही यात वाटा आहे. 'वर्ल्ड वॉर झेड'साठी २०११ साली ग्लासगोचा जॉर्ज स्क्वेअर अमेरिकेतले फिलाडेल्फिया म्हणून सजवला होता. लहानांसाठी 'पॅरानॉर्मन' (२०१२): त्यातले मुडदे खायला येत नाहीत, एका छोट्या मुलीवर पूर्वी केलेल्या अन्यायाचे ओझे त्यांना झोपू देत नाही.

चौथा शनिवार : आपली मंडळी

"आई, आपल्याकडे झोंबी का नाहीत?" हा प्रश्न या टप्प्यावर येतोच. उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल. चिता विझल्यावर उठायला उरते काय? मूठभर अस्थी, त्याही नदीत. (आपल्याकडेही संन्याशांना समाधी देतात, तान्ह्या बाळांना पुरतात, लिंगायत समाजात दफनाची रीत आहे आणि आपले मुसलमान व ख्रिस्ती शेजारी पुरतातच. पण आजीच्या गोष्टींतली भुते बहुतेक जाळणाऱ्या घरांतली.)

म्हणून आपल्या भुताला देह नसतो, राहिलेली इच्छा असते. मुंज झाली पण लग्नाआधीच गेला, तो मुंजा, मुक्काम पिंपळावर. बाळंतपणात गेली ती हडळ. पुरलेल्या धनात ज्याचा जीव अडकला तो समंध. पाण्यात बुडाला तो गिऱ्हा. ही यादी नीट वाचली तर भयाची कमी आणि दुःखाची अधिक वाटते. ज्यांचे आयुष्य अर्धवट राहिले त्यांचीच ही नावे आहेत.

मग वेताळ? वेताळपंचविशीत विक्रम राजा स्मशानातल्या झाडावरून प्रेत खांद्यावर घेऊन निघतो आणि ते बोलू लागते. पण बोलतो तो मेलेला माणूस नव्हे. अजून न जाळलेल्या देहात शिरलेला वेताळ बोलतो. ड्रॅक्युला आपल्या देहाचा मालक, तर वेताळ नुसता भाडेकरू. शिवाय तो रक्त पीत नाही, कोडी घालतो! या कथा अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरात आहेत. रिचर्ड बर्टनने १८७० साली त्या इंग्रजीत आणल्या, तेव्हा वेताळाला सरळ 'व्हँपायर' म्हटले. या बर्टनला स्टोकर पुढे प्रत्यक्ष भेटला होता.

आणि कोकणात तर या भुतांच्या राजालाच राखणदार केले आहे. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. रात्री तो गावाभोवती गस्त घालतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. भिववणाऱ्याला पहाऱ्यावर नेमायचे, ही युक्ती सेंट कथबर्टच्या बुरुजापेक्षा स्वस्त म्हणायला हवी.

हिंदी सिनेमाला उठणारे प्रेत हवे झाले तेव्हा आधी कबरच बांधावी लागली. रामसे बंधूंच्या १९७२ सालच्या चित्रपटाचे नावच पाहा: 'दो गज जमीन के नीचे'. मराठीत मात्र दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांनी 'झोंबिवली' (२०२२) मध्ये वेगळी वाट काढली. अमेय वाघ, वैदेही परशुरामी आणि ललित प्रभाकर यांचा हा चित्रपट डोंबिवलीत घडतो. नवा कोरा टॉवर, शेजारी वस्ती, आणि एक नवीन राहायला आलेला इंजिनियर. इथे गोष्टीच्या मुळाशी थडगे नाही, पाणी आहे. कोणाला शुद्ध मिळते आणि कोणाला नाही, हा प्रश्न आहे. हैतीच्या मळ्यातली गोष्ट अशी वळसा घालून मध्य रेल्वेवर येते. याच दिग्दर्शकाने पुढे हिंदीत कोकणातला 'मुंज्या' (२०२४) आणि वेताळांवरचा 'थामा' (२०२५) केला. झोंबी, मुंजा, वेताळ असा संपूर्ण अभ्यासक्रम एकट्याने पुरा केला म्हणायचा.

शेवटची संध्याकाळ : ३१ ऑक्टोबर

हॅलोविन हा मुळात इथलाच सण. जुन्या गेलिक पंचांगात या रात्री उन्हाळा संपून हिवाळा लागतो. तिला सावन म्हणतात (आपल्या श्रावणाशी संबंध नाही!) आणि या रात्री मेलेल्यांच्या जगाचे दार किलकिले होते अशी समजूत. भोपळा अमेरिकेतून आला. स्कॉटलंडमध्ये पूर्वी सलगमासारखा कंद कोरून दिवा करत. मुले वेष घालून दारोदार जात आणि गाणे किंवा विनोद सादर केल्यावरच खाऊ मिळे. याला 'गायझिंग' म्हणतात.

आता आपले पंचांग पाहा. भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा हा पितृपक्ष. तो सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. २०२३ साली सर्वपित्री अमावास्या १४ ऑक्टोबरला होती, २०२४ साली २ ऑक्टोबरला. म्हणजे दोन्हीकडचे पूर्वज साधारण एकाच ऋतूत घरी येतात. फरक एवढाच की इथे मुखवटे घालतात आणि आपण पान वाढतो.

या संध्याकाळी लहानथोरांनी मिळून 'कोको' (२०१७) पाहावा. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो. घरात फोटो मांडतात, आवडीचे पदार्थ ठेवतात आणि गेलेली माणसे भेटायला येतात. ज्याची आठवण काढणारे कोणी उरत नाही तो तिथूनही नाहीसा होतो, असे चित्रपटात दाखवले आहे. श्राद्धाचा अर्थ मुलांना समजावताना मला याहून सोपे साधन मिळालेले नाही.

पालकांसाठी

इथल्या प्रमाणपत्रांकडे लक्ष द्यावे. 'यू' सर्वांना चालतो. 'पीजी' म्हणजे आई-वडिलांनी ठरवावे. '१२ए' असेल तर बारा वर्षांखालील मूल थिएटरात मोठ्या माणसाबरोबरच जाऊ शकते. '१५' आणि '१८' या त्या त्या वयाच्या रेषा आहेत. वर सांगितलेल्यांत 'हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया' यू आहे आणि 'फ्रँकेनवीनी', 'पॅरानॉर्मन' व 'कोको' पीजी आहेत. रोमेरोचा सिनेमा आणि विषाणूवाले झोंबी मोठ्यांसाठीच. सिनेमा दिवसाउजेडी सुरू करावा, मूल नको म्हणाले तर लगेच बंद करावा, आणि संपल्यावर दहा मिनिटे बोलल्याशिवाय झोपायला पाठवू नये.

हे सगळे कशासाठी? एक कारण मनात आहे. आपली मुले परदेशात वाढतात. आजी-आजोबा गेल्याचे त्यांना फोनवर कळते. आई किंवा बाबा घाईने विमान पकडून जातात आणि पंधरा दिवसांनी परत येतात. मुले मधले काहीच पाहत नाहीत: ना शेवटचे दर्शन, ना दहावा, ना पिंडाला शिवायला येणारा कावळा. कावळा शिवत नाही तेव्हा कोणीतरी पुढे होऊन "धाकट्याचे शिक्षण मी बघेन" म्हणते आणि मग तो शिवतो, हे आपण लहानपणी पाहिले आहे. (एडिनबरात पिंड ठेवला तर कावळ्याआधी सीगल येईल, ही अडचण आहेच.) मेलेल्याची इच्छा जिवंत माणसाने अंगावर घ्यायची, हा त्या विधीचा गाभा. मुलांना तो कधी दिसला नाही, तर त्यांच्या लेखी आजी एके दिवशी फोनवर यायची बंद झाली, एवढेच उरते. असा निरोप अर्धवट राहिलेला निरोप असतो.

भीतिपट या विषयाचे दार सहज उघडतात. ड्रॅक्युलाला मातीच्या पेट्या का लागतात हे विचारणारे मूल पाच मिनिटांत विचारते, "आजोबांचे काय केले?" त्या वेळी टीव्ही बंद करावा आणि खरे उत्तर द्यावे. चिता, अस्थी, कोणी काय बोलले, कोण रडले, सगळे सांगावे. मुले झोंबीला घाबरतात त्यापेक्षा खऱ्या उत्तराला पुष्कळ कमी घाबरतात.

कठीण शब्द

दहन – जाळणे. दफन – पुरणे. अस्थी – जळल्यानंतर उरलेली हाडे. राखणदार – पहारा देणारा. गस्त – रात्री फिरून केलेला पहारा. शाबूत – न मोडलेले, जसेच्या तसे. विच्छेदन – शरीर कापून आतील रचना पाहणे.

घरचा अभ्यास

१. ग्रेफ्रायर्समधले लोखंडी पिंजरे कशासाठी होते? दोन वाक्यांत लिहा.
२. 'भूत' आणि 'अमृत' हे शब्द कसे बनले ते वर्गात सांगा.
३. ड्रॅक्युला आणि वेताळ यांच्यातले तीन फरक लिहा.
४. (आई-बाबांच्या मदतीने) तुम्ही कधीच न भेटलेल्या एका पूर्वजाचे नाव, गाव आणि आवडता पदार्थ शोधून काढा. जमले तर तो पदार्थ त्या शनिवारी घरी करा.

— एक पालक